मिसळ कितीला आणि कितवी

डेटाबेसमधल्या नोंदींना स्वतःचा असा क्रम नसतो. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले, तेव्हाच रिलेशन म्हणजे संच हे सांगून टाकले होते, आणि संचात पहिला-दुसरा असा मान कोणालाच नसतो. एसक्यूएलने पुढे हीच शिस्त उचलली. क्वेरीत ऑर्डर बाय लिहिले तर क्रम, नाही लिहिले तर जे येईल ते गोड मानून घ्यायचे.

तरीही ज्या क्रमाने नोंदी भरल्या त्याच क्रमाने त्या परत येतात, अशी एक दृढ श्रद्धा या धंद्यात आहे. ती टिकून आहे, कारण बहुतेक वेळा तसेच घडते. टेबल लहान असते, यंत्र एकच असते, यादी शहाण्या मुलासारखी येते, आणि ऑर्डर बाय लिहायचे राहून जाते. पुढे डेटा वाढतो, ऑप्टिमायझर वेगळी वाट धरतो आणि एका सोमवारी यादी भलत्याच क्रमाने समोर उभी राहते. डेटाबेसने क्रम बिघडवला, अशी तक्रार नोंदवली जाते. डेटाबेसने तो कधी लावलेलाच नसतो.

या श्रद्धेचे एक जुने उदाहरण एसक्यूएल सर्व्हरमध्ये सापडते. व्ह्यूमध्ये नुसते ऑर्डर बाय चालत नाही. पण सोबत टॉप लिहिले तर चालते. तेव्हा लोकांनी 'टॉप १०० पर्सेंट' असे लिहून क्रम मागच्या दाराने आत घेतला. शंभरातले वरचे शंभर टक्के म्हणजे सगळेच, ही गोष्ट २००५च्या आवृत्तीतल्या ऑप्टिमायझरच्याही लक्षात आली. त्याने तो भाग आतल्या ऑर्डर बायसकट बाजूला ठेवला, आणि बऱ्याच ठिकाणचे अहवाल रातोरात विस्कटले.

सपाट टेबल एका यंत्रावर असताना ही कथा. डेटाच्या पोटात डेटा असेल आणि तो सगळा ऐवज अनेक यंत्रांवर वाटलेला असेल, तर क्रमाचा प्रश्न एक राहत नाही. बाहेरच्या नोंदी कोणत्या क्रमाने हव्यात, आतल्या कोणत्या, आतल्यांपैकी कोणाच्या किमतीवर बाहेरच्यांचा क्रम ठरवायचा, बरोबरी झाली तर काय, आणि किंमतच नसेल तर काय, हे सगळे निरनिराळे प्रश्न होतात. त्यांपैकी जो विचारायचा राहतो त्याचे उत्तर डेटाबेस स्वतःच्या मनाने देतो, आणि ते नेमके चाचणीच्या वेळी बरोबर येते.

इलॅस्टिकसर्च हे यासाठी सोयीचे उदाहरण आहे, कारण त्याचा जन्मच स्वयंपाकघराच्या आसपास झाला. शे बॅनन हे लंडनमध्ये नोकरी शोधत होते आणि त्यांच्या पत्नी तिथे पाककला शिकत होत्या. पत्नीच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी ल्यूसीन या सॉफ्टवेअर लायब्ररीवर आधारलेले एक शोधयंत्र लिहायला घेतले. त्याचे नाव कंपास. ते पुढे नव्याने लिहिले गेले आणि २०१०मध्ये इलॅस्टिकसर्च म्हणून बाहेर आले. आज मोठमोठ्या कंपन्यांचे शोध आणि लॉग त्यावर चालतात. पाककृतींच्या शोधाची मात्र पत्नी अजून वाट पाहत आहेत, अशी आख्यायिका आहे. नवऱ्याने घरचे एक काम अंगावर घ्यावे आणि त्यातून जगाची सोय व्हावी, घरची तेवढी राहावी, हे बऱ्याच घरांना ओळखीचे वाटेल.

खाण्याचेच उदाहरण पुढे चालवू. शहरातल्या खाण्याच्या ठिकाणांची यादी इलॅस्टिकसर्चमध्ये भरली आहे. प्रत्येक ठिकाण हे एक डॉक्युमेंट, आणि त्याच्या पोटात पदार्थांची यादी: प्रत्येक पदार्थाचे नाव आणि भाव. ठिकाणे तीनच घेतली तरी पुरे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिसळ ७० रुपये, ताक २०, जादा पाव १० आणि पाच जणांचा पार्सल हंडा ४००. उडप्याकडे मिसळ ९५ आणि फिल्टर कॉफी ३०. शिवाय डोशाच्या एकेका प्रकारावर चीज घालून वाढवलेले, सगळे मिळून दोनशे पदार्थ, त्यांतला सर्वांत महाग २२०चा. तिसरे तारांकित हॉटेल. तिथे पदार्थ बाराच, पण त्यांत 'आजीच्या हातची मिसळ' ४५० रुपये आणि थाळी १,८००. शिवाय कोणा काटेकोर कर्मचाऱ्याने भावपत्रकात कागदी पिशवीही भरून ठेवली आहे, ५ रुपये. या पिशवीकडे लक्ष ठेवावे. पुढचे सगळे रामायण तिच्यामुळे घडते.

पहिली गडबड क्रमाच्याही आधीची आहे. पदार्थांची यादी साधी भरली, तर इलॅस्टिकसर्च ती सपाट करून ठेवते: एका बाजूला सगळी नावे, दुसऱ्या बाजूला सगळे भाव. कोणता भाव कोणत्या नावाचा, ही जोडी शोधाच्या वेळी शिल्लक राहत नाही. मग 'शंभर रुपयांच्या आत मिसळ' असे विचारले की तारांकित हॉटेल हसतमुखाने पुढे येते. त्याच्याकडे मिसळ आहे आणि शंभराच्या आतला एक भावही आहे. मिसळ आजीच्या हातची आणि भाव पिशवीचा, एवढाच काय तो तपशील.

यावरचा उपाय म्हणजे मॅपिंगमध्ये, म्हणजे फील्डांच्या जाहीरनाम्यात, पदार्थांना नेस्टेड असे जाहीर करणे. मग प्रत्येक पदार्थ ल्यूसीनमध्ये स्वतंत्र छुपे डॉक्युमेंट म्हणून राहतो. पदार्थ आधी, त्यांच्या पाठोपाठ त्यांचे ठिकाण, अशी सगळी मंडळी एकाच ठोकळ्यात शेजारीशेजारी साठवली जातात. दोनशे पदार्थांचा उडपी वरून एक डॉक्युमेंट दिसतो, पण आतून २०१ असतात. कॉफी दोन रुपयांनी महागली तरी अख्खा ठोकळा पुन्हा लिहावा लागतो. मुलांना घेऊन प्रवास करायचा म्हटल्यावर सामान वाढणारच. पण आता जोड्या फुटत नाहीत, आणि शंभरातल्या मिसळीच्या यादीतून हॉटेल सन्मानाने वगळले जाते.

आता क्रम. 'मिसळ मिळणारी ठिकाणे, स्वस्त आधी' अशी साधी मागणी आहे. क्वेरीत नेस्टेड अट घातली: पदार्थाचे नाव मिसळ. सॉर्टमध्ये पदार्थांचा भाव चढत्या क्रमाने मागितला आणि तो कोणत्या नेस्टेड वाटेवर आहे हेही सांगितले. उत्तरात पहिले येते तारांकित हॉटेल, दुसरे कोपऱ्यावरचे दुकान, तिसरा उडपी.

यंत्र बिघडलेले नाही. क्वेरीतली अट कोणती ठिकाणे घ्यायची एवढेच ठरवते. सॉर्टला त्या अटीचा पत्ताही नसतो. प्रत्येक ठिकाणाच्या पोटात अनेक भाव आहेत आणि रांग लावायला हवा एकच. चढता क्रम मागितला की त्यातला सर्वांत कमी भाव आपसूक निवडला जातो, उतरता मागितला की सर्वांत जास्त. त्यामुळे हॉटेल पिशवीच्या ५ रुपयांवर पहिले आले, दुकान जादा पावाच्या १०वर आणि उडपी कॉफीच्या ३०वर. रांग मिसळीची, नंबर पिशवीने लावला. तोंडाला पाणी सुटलेल्या माणसाला पडद्यावर सर्वांत वर ४५० रुपयांची मिसळ दिसते आणि शेजारी लिहिलेले असते: 'स्वस्त आधी'.

अट सॉर्टमध्येही पुन्हा लिहावी लागते. सॉर्टच्या नेस्टेड भागात फिल्टर घालून 'फक्त मिसळीचाच भाव बघ' असे बजावले की क्रम ७०, ९५, ४५० असा सरळ होतो. एकच गोष्ट दोनदा सांगायला शिकलेली माणसे काचकूच करतात. वरच्या मजल्यावर सांगितलेले खालच्या मजल्यावर ऐकू गेले असेल, असा त्यांचा समज असतो. पुढे कोणी क्वेरीतली अट 'मिसळ'वरून 'साबुदाणा वडा' अशी बदलतो आणि सॉर्टमधली तशीच राहते. मग साबुदाणा वड्याची ठिकाणे मिसळीच्या भावाने रांगेत उभी राहतात. ही चूक सापडायला कठीण, कारण रांग अगदीच वेडीवाकडी दिसत नाही. जिथे मिसळ स्वस्त, तिथे वडाही बहुधा स्वस्तच असतो.

मिसळही एका ठिकाणी एकाच प्रकारची असेल असे नाही. साधी असते, दही घातलेली असते, उपवासाची असते. उपवासाची ही खरोखर मिसळ आहे का, हा वाद डेटाबेसच्या कक्षेबाहेरचा. नावात शब्द आहे म्हटल्यावर तो तिला धरतो. उलट 'मिसळपाव' असा एकच शब्द जोडून लिहिणारा दुकानदार साध्या शब्दशोधात सापडतच नाही. फिल्टर लावूनही एका ठिकाणाचे अनेक भाव उरले, की त्यांतून एक काढायची रीत ठरवावी लागते. तिला मोड म्हणतात. किमान आणि कमाल घेता येते, तसेच आकड्यांच्या बाबतीत सरासरी आणि बेरीजही घेता येते.

फिल्टरशिवाय हे मोड फिरवून पाहिले तर शहराचे नवेच अर्थशास्त्र उभे राहते. 'महाग आधी' मागितले की कमाल भाव धरला जातो. मग कोपऱ्यावरचे दुकान त्याच्या ४०० रुपयांच्या हंड्याच्या जोरावर उडप्याहून महाग ठरते. सरासरीत ज्याने ताक, पापड, जादा पाव, जादा रस्सा असे सगळे सुटे सुटे लिहिले तो गरीब ठरतो, आणि ज्याने हे सगळे थाळीत कोंबले तो श्रीमंत. बेरीज तर सर्वांत अजब. उडप्याचे दोनशे पदार्थ मिळून वीस हजारांच्या घरात जातात, हॉटेलचे बारा मिळून नऊ हजारही होत नाहीत; तेव्हा शहरातले सर्वांत महागडे ठिकाण म्हणून पहिल्या नंबरावर उडपी झळकतो. बेरजेचा मोड खोटा बोलत नाही. सगळे भावपत्रक एका बैठकीत संपवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो अचूक आहे.

बाहेरची रांग लागली. आता आतली. ठिकाण उघडल्यावर आतले कोणते पदार्थ अटीत बसले हे दाखवायचे असेल, तर इनर हिट्स मागावे लागतात. बाहेरच्या सॉर्टचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. काही सांगितले नाही तर ते तीनच येतात, आणि तेही भावाच्या नव्हे, जुळणीच्या गुणांच्या क्रमाने. स्वस्त-आधी हा क्रम इथे पुन्हा लिहावा लागतो. शिवाय मूळ डॉक्युमेंट परत येते तेव्हा त्यातली पदार्थांची यादी भरताना होती तशीच असते, मालकाला प्यारे ते सर्वांत वर. एकाच पडद्यावर बाहेरची रांग भावाची, मधली गुणांची आणि आतली मालकाच्या मर्जीची, असे तीन क्रम गुण्यागोविंदाने नांदू शकतात.

मोंगोडीबीत हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. ॲरेच्या पोटातल्या भावावर सॉर्ट केले तर चढत्या क्रमात सर्वांत लहान आणि उतरत्यात सर्वांत मोठा घटक धरला जातो. ३.६ या आवृत्तीपासून तो निवडताना क्वेरीतली अट विचारातही घेतली जात नाही. म्हणजे पिशवी इथेही पहिली. इथे सॉर्टमध्ये फिल्टर घालायची सोय नाही, म्हणून ॲग्रिगेशनमध्ये ॲरे आधी उलगडावा लागतो, नको ते पदार्थ गाळावे लागतात, मग क्रम, आणि मग पुन्हा घड्या. वरचेवर लागणारा आतला क्रम भरतानाच लावून ठेवता येतो. ॲरेत नवा घटक ढकलताना सोबत सॉर्ट सांगायची सोय त्यात फार पूर्वीपासून आहे.

भावच नसलेल्या पदार्थांचा प्रश्न समुद्रकिनारी चुकत नाही. मालवणी आणि गोव्याच्या खानावळीत पापलेट आणि सुरमई यांच्यासमोर आकडा नसतो. 'साइझप्रमाणे' असे लिहिलेले असते. इलॅस्टिकसर्चमध्ये भाव हा आकडा म्हणून जाहीर झाला असेल तर 'साइझप्रमाणे' हे उत्तर ते स्वीकारत नाही आणि अख्खी खानावळ दारातूनच परत पाठवते. मग भरणारा माणूस भाव रिकामा सोडतो. रिकामा भाव, काही सांगितले नाही तर, शेवटी जातो: क्रम चढता असला तरी शेवटी आणि उतरता असला तरी शेवटीच. तो आधी हवा असेल तर मिसिंग या पर्यायात तसे सांगावे लागते. सॉर्टच्या फिल्टरमध्ये ज्याचा एकही पदार्थ बसला नाही, ते ठिकाणही याच पंक्तीत बसते.

डेटाबेस बदलला की पापलेटाची जागा बदलते. पोस्टग्रेस चढत्या क्रमात रिकाम्या किमती शेवटी ठेवतो. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर त्या सुरुवातीला आणतात. ओरॅकल शेवटी ठेवतो. मोंगोडीबीत आकड्याच्या रकान्यात शब्दही चालतो, कारण निरनिराळ्या प्रकारांतली ज्येष्ठता त्याने ठरवूनच टाकली आहे: आधी रिकामे, मग आकडे, मग शब्द. तिथे 'साइझप्रमाणे' हा भाव कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा ठरतो. मासळी खाऊन बिल भरलेल्यांना यात काही वावगे वाटणार नाही.

सर्वांत वाईट उपाय उत्साही लोक करतात. रिकामे बरे दिसत नाही म्हणून शून्य भरतात. मग स्वस्त-आधी यादीत शून्य रुपयांचे पापलेट अग्रभागी येते, आणि खानावळीचा फोन दिवसभर वाजत राहतो.

आकडा हा आकडा म्हणून भरला आहे की अक्षरे म्हणून, हेही पाहून घेतलेले बरे. मॅपिंग आधी जाहीर केले नाही आणि भाव अवतरणचिन्हांत आले, तर इलॅस्टिकसर्च त्यांना मजकूर समजते आणि सोबत अक्षरशः तुलनेसाठी कीवर्ड नावाचे उपफील्ड करून ठेवते. मजकुरावर सॉर्ट करायला ते स्वच्छ नकार देते. कीवर्डवर करू देते, आणि तिथे रांग लागते ती १०, १८००, २०, ४५०, ५, ७०, ९५ अशी. इथे पिशवी पहिला नंबर गमावते, एवढाच फायदा.

आतापर्यंत सगळे एकाच यंत्रावर आहे असे मानले. वाटलेल्या डेटाबेसमध्ये एका इंडेक्सचे अनेक तुकडे असतात, त्यांना शार्ड म्हणतात. इलॅस्टिकसर्चमध्ये पूर्वी न मागता पाच मिळत; २०१९च्या सातव्या आवृत्तीपासून एक मिळतो, बहुधा लोक तीन खानावळींसाठीही पाच घेऊन बसत म्हणून. क्वेरी ज्या नोडवर, म्हणजे ज्या यंत्रावर, येते तो ती सगळ्या शार्डांना पाठवतो, प्रत्येक शार्ड आपापली रांग लावून देतो, आणि आलेल्या रांगा तो नोड एकत्र गुंफतो. नेस्टेड पदार्थ आपल्या ठिकाणासोबत एकाच शार्डवर राहतात, म्हणून आतला भाव निवडायचे काम तिथल्या तिथे होते. दूरचा प्रवास फक्त निवडलेल्या किमतींना घडतो.

पहिली दहा नावे हवी असतील तर हे स्वस्तात होते. खोल पानांवर गेले की महाग पडते. शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी लागत असे तेव्हाची रीत आठवावी. समजा आठ विभागीय मंडळे आहेत आणि राज्यातले पहिले दहा हवेत. प्रत्येक मंडळाला आपले दहा पाठवावे लागतात, कारण राज्यातले दहाही एकाच विभागातले असू शकतात. आलेल्या ८० नावांतली ७० परत जातात. आता कोणी ९९१ ते १००० या क्रमांकांची यादी मागितली तर प्रत्येक मंडळाला आपापली पहिली हजार नावे पाठवावी लागतात. आठ हजार नावे जमवायची, जुळवायची आणि दहा ठेवून ७,९९० टाकून द्यायची. परीक्षा मंडळाकडे अशी मागणी कोणी केली नाही. डेटाबेसकडे लोक सर्रास करतात, कारण पानाखाली 'शेवटचे पान' असे एक बटण कोणीतरी हौसेने ठेवलेले असते. म्हणून इलॅस्टिकसर्च न सांगता १०,००० नोंदींवर हात वर करते. ही मर्यादा वाढवता येते. मर्यादा वाढवून दिल्यावर नोडची मेमरी संपते, आणि मग मर्यादा का होती ते कळते.

दुसरा घोळ बरोबरीचा. शहरात ७० रुपयांना मिसळ देणारी ठिकाणे शेकड्याने असणार. सॉर्टला भाव एवढाच निकष दिला तर ७० रुपयांवाल्यांतले आधी कोण, याचे उत्तर शार्डांचा क्रम आणि ल्यूसीनमधले अंतर्गत क्रमांक देतात. प्रत्येक शार्डच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर असतात. त्यांतला माल तोच, पण हे अंतर्गत क्रमांक प्रतीगणिक निराळे असू शकतात. पहिले पान एका प्रतीने दिले आणि दुसरे दुसऱ्या प्रतीने, की पहिल्या पानावर पाहिलेले दुकान दुसऱ्या पानावर पुन्हा भेटते. त्याच्याऐवजी कोणीतरी दोन्ही पानांतून गळतो आणि कधीच दिसत नाही. असा गळालेला दुकानदार फोन करतो, तेव्हा त्याला नोंद व्यवस्थित दिसत असल्याचे स्क्रीनशॉटसह दाखवले जाते. त्या वेळी उत्तर पहिल्या प्रतीने दिलेले असते.

उपाय सोपा आहे, म्हणून तो सहसा राहून जातो. भावानंतर आणखी एक निकष द्यायचा, जो प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा असेल. नोंदणी क्रमांक पुरतो. खोल पानांसाठीही सर्च आफ्टर ही रीत याच निकषावर उभी आहे: मागच्या पानावरच्या शेवटच्या नोंदीच्या सॉर्ट किमती द्यायच्या आणि त्यापुढचे मागायचे. तिथे निकष नुसता भाव असेल तर '७० च्या पुढचे' म्हटल्यावर उरलेले सगळे ७० रुपयांवाले एका फटक्यात वगळले जातात. पाने उलटत असताना नव्या नोंदीही येत राहतात. त्यांनी रांगेत घुसू नये म्हणून ७.१० या आवृत्तीपासून पॉइंट इन टाइम आहे, तो इंडेक्सचे त्या क्षणाचे चित्र धरून ठेवतो.

इतर वाटलेल्या यंत्रणांतही असे घोळ आहेतच. हाइव्हमध्ये क्रम लावायचे दोन शब्द आहेत आणि ते मुद्दाम जवळजवळ ठेवल्यासारखे वाटतात. ऑर्डर बाय सगळ्या निकालाचा एकच क्रम लावते, त्यासाठी सगळा माल एकाच रिड्यूसरच्या, म्हणजे निकाल जमवणाऱ्या एकाच कामकऱ्याच्या, गळ्यात मारून. सॉर्ट बाय प्रत्येक रिड्यूसरपुरता क्रम लावते. दुसरे वेगवान असते. निकालाचा वरचा भाग पाहून लोक खूश होतात, आणि मध्येच ४५० नंतर पुन्हा १० सुरू झाले की कोणीतरी डेटा दोनदा भरला, असा निष्कर्ष काढतात. बिगक्वेरीत ॲरेच्या आतला क्रम टिकतो, पण तो उलगडून ओळी केल्या की क्रमाची हमी संपते. जागेचा क्रमांक विथ ऑफसेटने सोबत घ्यावा लागतो आणि पुन्हा ॲरे करताना ऑर्डर बाय त्या ॲरे-ॲगच्या कंसातच लिहावे लागते. कंसाबाहेर लिहिलेले बाहेरच्या ओळींना लागू होते.

कॅसँड्राने ही सगळी कटकट टेबल तयार करतानाच मिटवली आहे, निदान तिचे तसे म्हणणे आहे. पार्टिशन की नोंद कोणत्या नोडवर जाणार ते ठरवते, क्लस्टरिंग कॉलम त्या पार्टिशनच्या आतला क्रम ठरवतात, आणि तो क्रम डिस्कवरच पाळला जातो. ऑर्डर बाय चालते ते फक्त क्लस्टरिंग कॉलमवर आणि पार्टिशन ठरवून दिले असेल तरच. ठरलेला क्रम घ्या, नाहीतर बरोबर उलटा घ्या. तिसरा पर्याय नाही. पार्टिशन्स एकमेकांत लागतात ती कीच्या हॅशच्या क्रमाने, म्हणजे माणसाच्या दृष्टीने कशाच क्रमाने नाही. पोटातल्या संग्रहांचीही वाटणी झालेली आहे: सेट मूल्यांच्या क्रमाने, मॅप कीच्या क्रमाने आणि लिस्ट भरली तशी. भाव मॅपमध्ये ठेवले तर ते पदार्थांच्या नावाच्या क्रमाने मिळणार, भावाच्या कधीच नाही. हा डेटाबेस २००८ साली फेसबुकमधून खुला झाला, आणि नाव घेतले ते ग्रीक पुराणातल्या कॅसँड्राचे, जिची भविष्ये खरी ठरत पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. टेबल करण्याआधी क्वेरी कोणत्या विचारणार ते ठरवा, असे या डेटाबेसचे मार्गदर्शन सांगते. लोक टेबल आधी करतात.

उरला नावांचा क्रम. भाव सारखे असतील तर पुढे नावाप्रमाणे लावा, असे सांगणे सोपे आहे. मराठी नावे नुसत्या कीवर्डवर लावली तर युनिकोडमधल्या जागेप्रमाणे लागतात, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून 'केळीचे वेफर' 'केशरी भाता'च्या आधी येतात. शाळेत शिकल्याप्रमाणे नंतर यायला हवेत. क्ष आणि ज्ञ यांना वर्णमालेच्या शेवटी मान आहे, पण संगणकाच्या लेखी ते क आणि ज यांचे जोडाक्षर. त्यामुळे क्ष हा कौ नंतर आणि ज्ञ हा जौ नंतर जाऊन बसतो. ज्ञ ने सुरू होणारा पदार्थ महाराष्ट्रात अजून कोणी तळलेला नाही, हे डेटाबेसचे भाग्य.

ॲ ची गोष्ट याहून गमतीची आहे. एकाच चिन्हाने टाइप केलेल्या ॲ ला युनिकोडमध्ये ह च्याही पुढे, आकड्यांच्या पलीकडे जागा मिळालेली आहे. अ वर अर्धचंद्र देऊन केलेला तसाच दिसतो, पण तो अ च्या घरात राहतो. दोन दुकानदार दोन कीबोर्डांवर ॲपल ज्यूस लिहितात. एकाचा रस यादीच्या डोक्यावर, दुसऱ्याचा तळाशी, हिरव्या मिरचीच्या ठेच्याच्याही खाली.

इलॅस्टिकसर्चमध्ये यासाठी आयसीयूचे प्लगइन बसवावे लागते आणि नावासाठी कोलेशन कीवर्ड हे वेगळे फील्ड करून त्यात मराठी भाषा सांगावी लागते. त्यातला क्रम नोंद भरतानाच तयार होतो, म्हणून आधी भरलेले सगळे पुन्हा भरावे लागते. त्या फील्डमध्ये नावाऐवजी तुलनेसाठी बनवलेली बायनरी की असते. ती रांग लावायला चांगली आणि वाचायला निरुपयोगी, तेव्हा पडद्यावर दाखवायचे नाव दुसऱ्या फील्डमध्ये ठेवतात, आणि मिसळ शोधायचे तिसऱ्या.